तिला मराठी कळत न्हाई

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही, लेकीला माहीत नाही. देवापुढे हात जोडतानाही मी हे मागे लपवून उभी राहिले आहे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही — आणि कारण अलीकडे कुणी माझ्या बोलण्याचं कौतुक केलं की माझं डोकंच फिरतं. "सिस्टर, तुमचं बोलणं किती गोड हो!" गोड! त्या गोड जिभेनं मी काय केलं ते ऐका.

जालना नुकताच जिल्हा झाला होता. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात मी नर्स होते. नाव सांगत नाही, तो आता बंदही पडला. तिथे केरळची अन्नम्मा कामाला आली. आली तेव्हा तिच्याकडे मोडकंतोडकं हिंदी आणि हातवारे, एवढंच होतं. पेशंट सगळे अंबड-भोकरदनकडचे. त्यांना तिचं हिंदी कळेना, तिला त्यांचं दुखणं. दुसरी कुणी असती तर तेवढ्यावर भागवलं असतं. ही हटूनच बसली — मराठी शिकणार म्हणजे शिकणार.

आणि मास्तरीण मी. चहाचा कप हातात आला की तिचे प्रश्न सुरू. भिंत ती, खांब तो, दार ते — एका खोलीत तीन तऱ्हा कशा, ताई? कुणी ठरवलं? मला काय माहीत कुणी ठरवलं! मी जन्मात कधी विचार केला नव्हता. मग दुखण्याचे शब्द. गळू ठसठसतं, दाढ ठणकते, काटा सलतो, पाठीत चमक निघते, पोटात कळ येते. एकेक शब्द ती स्वतःच्या अंगावर बोट ठेवून पाठ करायची. कळ आणि चमक यांत फरक काय, यावरून एकदा दुपारभर माझ्याशी भांडली. मी वैतागायचे. मजाही यायची. आणि पुढे पुढे — हेही सांगूनच टाकते — पोटात दुखायला लागलं माझ्या. कारण म्हाताऱ्या बायका मला सोडून तिला हाक मारू लागल्या. "त्या मद्रासी शिस्टरला बलवा, तिला बराबर समजतं."

तिला सगळ्यात मोठं कोडं पडलं ते उपासाचं. तिच्या लेखी उपास म्हणजे पोट रिकामं. आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, केळी, वर दोनदा चहा. एकादशी अन् दुप्पट खाशी — ही म्हण मीच शिकवली तिला. पोट धरून हसली. पण हसून सोडून दिलं नाही. ऑपरेशनच्या आधी पेशंटनं काही खाल्लंय का ते विचारावं लागतं. आम्ही सगळ्या "उपाशी आहेस ना?" म्हणून मोकळ्या व्हायचो. अन्नम्मा मात्र नावं घेऊन विचारायची. चहा घेतला? केळं? भगर? शेंगदाणे? आम्ही तिला चिडवायचो, आली बाई किराणा दुकान घेऊन.

त्या दिवशी एकादशी होती. अंबडकडची एक बाई, पिशवीचं ऑपरेशन. विचारायचं काम अन्नम्माचं होतं. पण ती दुसऱ्या पेशंटच्या सलाइनमध्ये अडकली होती, म्हणून मीच तिला म्हटलं, राहू दे, मी विचारते. आणि विचारलं.

"उपाशी आहेस ना गं?"

"हाव बाई, उपासच हाये."

झालं. मी पुढे निघाले. मराठी माझी, एकादशी माझी, म्हणसुद्धा मीच शिकवलेली — आणि माझ्या डोक्यात काहीच पेटलं नाही? नाही पेटलं. घाई होती, आणि आपल्याच भाषेत काय विचारायचं असतं!

भूल दिल्यावर त्या बाईला उलटी झाली. भगर आणि शेंगदाणे. अन्न छातीत उतरलं, श्वास अडकला. तिला औरंगाबादला हलवावं लागलं. बरेच दिवस ती मरणाच्या दारात होती. वाचली. ती वाचली म्हणून मी सुटते, असं काही माझ्या मनात नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. अंगावर धावूनच आला. समोर अन्नम्मा दिसली आणि तो ओरडला, "परमुलखाच्या बाया ठेवून राह्यले तुम्ही! हिला आमची भाषा तरी कळती का?" डॉक्टरांनी मला आत घेतलं. कुणी विचारलं होतं पेशंटला?

मी म्हणाले, "अन्नम्मानं. तिला मराठी बराबर कळत न्हाई, सर."

किती सोपं गेलं! शंका नाही, उलटा प्रश्न नाही. हेच डॉक्टर पाहुणे आले की तिला पोपटासारखं बोलायला लावायचे — बघा आमची केरळची सिस्टर, कशी मराठी बोलते! माझ्या एका वाक्यानं ते सगळं विसरले? की त्यांना विसरायचंच होतं? वर्षानुवर्षं मी त्यांच्यावर दात खाल्ले, त्या भावाला शिव्या घातल्या. खूप बरं वाटतं दुसऱ्यावर चिडायला. पण वाक्य माझं होतं. भावानं तिच्याकडे बोट दाखवलं, आणि मी ते बोट धरून तिच्या छातीपर्यंत नेलं.

मग अन्नम्माला बोलावलं. ती रडत रडत बोलायला लागली, "मी नाही विचारला सर... मी सलाइनला होता... तो बाईला ताई विचारला..." सगळी लिंगं, सगळे प्रत्यय इकडचे तिकडे झाले. रडताना कुणाची भाषा धड राहते? तुमची राहते? तिला काय म्हणायचंय ते मला स्वच्छ कळत होतं. शब्दाशब्दानं ती खरं बोलत होती. आणि मी — मी तिला मधेच तोडलं.

"‘तो’ न्हाई, अन्नम्मा. ‘ती’ बाई."

चहाच्या वेळी सांगायचे ना, अगदी त्याच आवाजात. दारातली आया फिसकन हसली. डॉक्टरांनी हात वर केला, म्हणजे पुरे. अन्नम्मानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

त्या आठवड्यात तिला काढून टाकलं. तोपर्यंत ती कुणाशीही मराठीत बोलली नाही. तिच्या राहत्या खोलीची किल्ली माझ्या हातात देताना म्हणाली, "दीदी, चाबी." ताई नाही. दीदी.

मी असं का केलं याची कारणं माझ्याकडे आहेत, चांगली आहेत, आणि ती मी सांगणार नाही. अन्नम्मा पुढे कुठे गेली ते मी कधी शोधलं नाही. माझी समजूत घालू नका, मला ती नको आहे. डॉक्टरांच्या त्या खोलीत खरं बोलणारी एकटी तीच होती, आणि तिचं प्रत्येक वाक्य चुकत होतं. माझ्या मराठीत एकही चूक नव्हती.