एका हाताने उघडणारा चाकू शोधताना: ऐरोली, वाशी, करावे

या ब्लॉगवर आजवर घाट, किल्ले आणि समुद्रकिनारे येऊन गेले. या वेळचा प्रवास जेमतेम एका दिवसाचा, स्कूटरवरचा आणि सगळाच्या सगळा नवी मुंबईतला आहे. तरी सांगते, यात मी जितकी गोंधळले तितकी कुठल्या जंगलातही गोंधळले नव्हते. रस्ते पाठ होते, डोकंच जागेवर राहिलं नाही.

कारण माझे वडील. पप्पांना मागच्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवा हात गेला. त्याआधी आमच्या घरात फळ कापायचं खातं त्यांच्याकडे. फिटर म्हणून कारखान्यात लागले तेव्हापासून खिशात घडीचा चाकू, लाल मुठीचा, स्विस. जेवणं झाली की गॅलरीत बसायचे आणि पेरू, पपई, काकडी, जे असेल ते कापून सगळ्यांना वाटायचे. झटक्यानंतर आई फोडी करून पुढे ठेवते आणि बशी तशीच परत येते. "नको, पोट भरलंय." एकदा खोलीत डोकावले तर पप्पा तो चाकू दातांनी उघडायचा प्रयत्न करत होते. मला बघून त्यांनी तो झटकन उशीखाली सारला. मला भडभडून आलं. त्यांना एका हाताने, तेही डाव्या हाताने उघडेल असा चाकू आणून द्यायचाच, असं मी तेव्हाच ठरवलं.

काम सोपं वाटत होतं. मग एका मित्राने मला चाकू जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घातलं. मी विचारलं, "डाव्या हाताने उघडणारा कुठला घेऊ?" चहा उकळेपर्यंत खाली इतके मेसेज जमले की माझा प्रश्न वर कुठे गेला तेच दिसेना. शेवटी एकाने लिहिलं, "ताई, रविवारी माझ्या गाळ्यावर या. सगळे ब्रँड हातात घेऊन बघा."

हे इक्बालभाई, वाशीच्या घाऊक बाजारात सुक्या मेव्याचा व्यापार करणारे. एक सूचना आत्ताच: कंपन्यांची नावं मी लिहिणार नाही. लिहिली की खाली कॉमेंटमध्ये मारामारी होईल, आणि ती मी प्रत्यक्ष पाहून आले आहे. देशांच्या नावांवर भागवून घ्या.

ऐरोलीहून ठाणे-बेलापूर रस्ता रविवारी सकाळी मोकळा असतो. स्कूटर नसेल तर ट्रेनने वाशी गाठा आणि पुढे रिक्षा करा. बाजार बंद असल्याने ट्रकांची कटकट नाही, पण चहाची टपरीही बंद, तेव्हा काहीतरी खाऊन निघा. मी निघाले नव्हते. नशिबाने इक्बालभाईंच्या घरून सांदणं आणि खिमा आला होता. त्यांचं मूळ गाव रायगडच्या किनाऱ्यावरचं, आणि वाफवलेली ती पांढरी, मऊ, किंचित गोड सांदणं खिम्याबरोबर कशी लागतात ते लिहून कळायचं नाही. वर काजू-बदाम मोजदाद न करता.

गाळ्याच्या माळ्यावर टेबल, त्यावर हिरवं कापड आणि कापडावर चाकूंच्या रांगा. मी एक उचलून शेजारच्या मुलाला द्यायला गेले तर इक्बालभाई ओरडलेच.

"हातात नाय द्यायचा! खाली ठेवायचा, त्याने उचलायचा. चाकू हातात दिला का भांडण होतं."

आमच्याकडे मिरचीचं असंच आहे, त्यामुळे मला पटलं. गंमत एवढीच की कुणीही कुणाच्या हातात चाकू दिला नाही आणि भांडण मात्र मी निघेपर्यंत थांबलं नाही.

शेजारचा मुलगा म्हणजे मंदार, आयटीतला. चौकशी केल्यावर कळलं की तो ऐरोलीत माझ्या घरापासून दोन चौक पलीकडे राहतो, आणि त्याची ओळख व्हायला मला वाशीला यावं लागलं. त्याच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत एक केस नव्हता. धार बघायला हे लोक हातावरचे केस उडवतात म्हणे.

इक्बालभाईंचा जीव जर्मनांवर. "डोळे मिटा," ते मला म्हणाले. मी मिटले. टक्. "ऐकलात? बंद होतानाचा आवाज. असा आवाज दुसऱ्या कुनाचा नाय."

"आवाजाने फळ कापलं जातं का, इक्बालभाई?" मंदार म्हणाला.

"तुझ्या अमेरिकनला आवाज तरी हाय का? डबडं वाजल्यासारखं वाजतं."

मी म्हटलं, "पण हा एका हाताने उघडतो का?"

"उघडतो ना! सवय पायजे."

मी प्रयत्न केला. नख तुटलं, चाकू उघडला नाही. पात्यावरच्या बारीक खाचेत नख घालून दुसऱ्या हाताने ओढायचं, अशीच त्याची रचना आहे. म्हणजे पप्पांच्या लाल चाकूसारखीच.

मग मंदारने आपला अमेरिकन पुढे ठेवला. पात्याला गोल भोक, त्यात अंगठा अडकवून ढकललं की पातं बाहेर आणि खट्ट करून लॉक. "लॉकअप बघा, उघडलेलं पातं जरा हलत नाही, स्टील बघा, धार महिनोन्महिने जात नाही. टेन्शनच नको." मी डाव्या हाताने उघडला, उघडला! मी मनातल्या मनात परतीच्या रस्त्याला लागलेसुद्धा.

"उघडला," इक्बालभाई म्हणाले. "आता डाव्याच हातानं बंद करा."

लॉक उजव्या हाताच्या माणसासाठी केलेलं. डाव्याने सोडवायला गेलं की बोट नेमकं पात्याच्या वाटेत येतं. मंदारने चाकू आपल्याकडे ओढून घेतला. तेवढ्यात स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून ग्रुपमधलं कुणीतरी म्हणालं, "ह्यापेक्षा जपानी घ्या," आणि पुन्हा सगळे तुटून पडले. पप्पांच्या हाताचं मी बोलले, तेव्हा मंदारने हळूच सांगितलं की याच ब्रँडचं डावखुऱ्यांसाठीचं मॉडेल निघालं होतं, त्याच्याकडे एक आहेही, पण सीलबंद. सील तोडलं की कलेक्शनमधली किंमत गेली. मी पुढे काही विचारलं नाही.

एक विचारलं, इक्बालभाईंना. "तुमच्या या जर्मनने पेरू कापलाय कधी?"

"पेरू?" त्यांनी जर्मन चाकू माझ्यापासून दूर सरकवला. "ताई, हे कार्बन स्टील. फळाचा रस लागला का डाग पडतो. मी ह्याच्यानं पाकीटपन फोडत नाय." मग त्यांनाच माझी दया आली. "वापरनारा मानूस बघायचाय तर करावेला जा. जनार्दनकाका. मी फोन करतो."

वाशीहून पाम बीच रस्त्याने करावे अगदी जवळ. स्कूटर सांभाळून चालवा, कॅमेरे आहेत. सीवूड्सचे टॉवर संपता संपता एकदम अरुंद गल्ल्या लागतात आणि सुक्या मासळीचा वास येतो, ते करावे. स्कूटर मंदिराजवळ लावून चालत जा, आत वळवायला जागा नाही.

जनार्दनकाका गोदीत क्लार्क होते, आता खाडीत हौसेने जाळं टाकतात. ते फक्त फ्रेंच चाकू जमवतात, लाकडी मुठीचे, आणि सगळे वापरून झिजलेले. ओट्यावर बसून त्यांनी मला एकेक दाखवला.

"जर्मन नि अमेरिकन सोर गो बाय. हा बघ, हलका हाय. जाली काप, मावरा काप, कांदा काप."

मावरा म्हणजे मासळी. मी विचारलं, "खाऱ्या पाण्यात मूठ टिकते?"

"फुगते. पानी लागला का पाताच निंगत नाय," ते हसले. म्हणजे इथेही दोन हात, वर जोर.

"काका, मला एका हाताने उघडणारा हवाय."

"एका हातानं कशाला? दुसरा हात कशाला दिलाय देवानं?"

मी पप्पांचं सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी चाकू मिटून खिशात टाकला आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी. पैशाचं नाव काढल्यावर काकू रागावल्या.

परत येताना माझं डोकं पार भंजाळलं होतं. जर्मनाचा आवाज चांगला, पण उघडत नाही. अमेरिकन उघडतो, पण मिटत नाही. फ्रेंच सगळं कापतो, पण दोन हात मागतो. जपानीबद्दल मी विचार करायचंच सोडून दिलं. सकाळी एक प्रश्न घेऊन निघालेली मी संध्याकाळी चार घेऊन रिकाम्या हाताने घरी पोचले, आणि मला स्वतःचाच राग आला.

दिवेलागणीला बेल वाजली. दारात मंदार, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला छोटा खोका.

"तुमच्या पप्पांनी उघडून बघावं," एवढंच म्हणाला. सील त्याने पप्पांसमोर तोडलं. तोडताना ओठ घट्ट मिटले होते. कलेक्शनमधली किंमत गेली ती गेलीच; मला त्याला मिठीच मारावीशी वाटली.

पप्पांनी चाकू डाव्या हातात घेतला. अंगठा दोनदा घसरला. तिसऱ्यांदा खट्ट. मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. किती दिवसांनी ते असे हसले! आईने पदर डोळ्यांना लावला.

"पेरू आण," पप्पा म्हणाले.

बशीत पेरू ठेवला. त्यांनी पातं टेकवलं, दाबलं, आणि पेरू बशीतून उडून सोफ्याखाली गेला. मंदारने तो काढून दिला. पुन्हा तेच. उजवा हात मांडीवर पडलेला. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. अख्खा ग्रुप, वाशी, करावे, मी, सगळे चाकू उघडायच्या मागे लागलो होतो, आणि फळ धरणार कोण हे कुणाच्याच मनात आलं नाही. मला रडू येईल असं वाटलं.

मंदारने लगेच फोन काढला. एका हाताने कापणाऱ्यांसाठी खिळे बसवलेला पाट मिळतो, खिळ्यांत फळ रोवायचं. त्याचेही ब्रँड निघाले. त्याने ग्रुपवर टाकायचा अवकाश, तिकडे स्टीलचे खिळे की प्लास्टिकचे यावर जुंपली. मी फोटो पप्पांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

चाकूचं म्हणाल तर ग्रुपवर लोक अजून विचारतात, कुठला ब्रँड जिंकला? मी उत्तर दिलेलं नाही. पप्पांना कुणाच्या मदतीशिवाय फळ कापायचं होतं, निदान मी तसं धरून चालले होते. ते त्यांना मी मिळवून दिलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. पाट मागवू का, असं मी त्या संध्याकाळी विचारलं तेव्हा त्यांनी फोन बाजूला सारला, अंगठ्याने चाकू उघडला आणि पेरू माझ्याकडे ढकलला.

"खिळे कशाला? तू धर," ते म्हणाले. "आणि बोटं आत घे."