मिस्त्रीच्या खिशातली खीळ

मिस्त्रीच्या सदऱ्याचा खिसा कधी धड नसायचा. नट, वायसर, मोडके स्क्रू, कशाचा कशाला मेळ नसलेलं लोखंड तो त्यात कोंबायचा आणि आठ दिवसांत खिसा तळातून फाटायचा. मग मिस्त्रीण आतून गोणपाटाचं ठिगळ लावायची. पुढेपुढे नवा सदरा आला की आधी ठिगळ, मग अंगात, अशीच पद्धत पडली. तुमसरच्या ज्या राइस मिलमध्ये तो फिटर आणि मी जीपचा ड्रायव्हर होतो, तिथे त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. तो मला 'डायवर' म्हणायचा. मला राग यायचा. बापाने ठेवलेलं चांगलं नाव होतं मला! आज तशी हाक मारणारं कोणी उरलं नाही, आणि आता त्याचाच राग येतो.

बिघडलेल्या मशीनला तो लगेच हात लावत नसे. शेजारी उकिडवा बसून आधी विचारपूस करी. "काय होऊन राहिलं बा तुले? रात्री तं बरी होती." आम्ही हसायचो. माप घ्यायचं तर वितीने नाही तर बोटांनी. टेप होता, पण भिंतीवर खिळ्याला टांगून गंजलेला. "टेप हरवते. हात कायले हरवन?" असं त्याचं म्हणणं.

आमच्या मिलमध्ये धान उकडून मागच्या सिमेंटच्या अंगणात सुकायला पसरत. लाकडी फळ्यांनी ते ढकलायचं, पालटायचं, गोळा करायचं काम चौदा बायांकडे होतं, आणि त्यातलीच एक मिस्त्रीण. आभाळ भरून आलं की जी धावपळ व्हायची, ती विचारू नका. सुकत आलेलं धान भिजलं की वास मारतं, काळं पडतं. एका फाल्गुनात अशाच धावपळीत मिस्त्रिणीची पाठ धरली. पंधरा दिवस तिला चुलीपुढे वाकता येईना. मिस्त्री चहा करायला शिकला, तोही वाईट, आणि कामावर आला की माझ्या जीपभोवती घिरट्या घालू लागला.

"डायवर, तुह्या गाडीच्या तोंडाले फळी बांधतो."

"माह्या गाडीले हात लावू नको, सांगून ठेवतो!"

"तुही कवाची झाली? शेठजीची हाय."

त्याने मोजून महिना घेतला. बंपरखाली दोन अँगल वेल्डिंग केले, त्यांना सागाची लांबलचक फळी जोडली आणि दाणा फुटू नये म्हणून तिच्या खालच्या कडेला जुन्या टायरची पट्टी ठोकली. अँगल आणि फळी धरून ठेवणारी फक्त एक खीळ होती, अंगठ्याएवढी जाड. खीळ घातली की फळी चढली, काढली की उतरली. पहिल्या दिवशी नारळ फुटला, हार घातला आणि शेठजी मोठ्या हौसेने माझ्या शेजारी येऊन बसले. शेठजी म्हणजे काय साधं वजन! जीप खाली दबली, फळी फरशीला भिडली, करकर आवाज झाला आणि एक अँगल वाकला. मिस्त्रीने उकिडवं बसून खालून पाहिलं आणि म्हणाला, "मी जीप मोजली. शेठजीले मोजलंच नाई." शेठजी स्वतःच असे हसले की जीप पुन्हा दबली.

मग त्याने फळी साखळीला टांगली, म्हणजे जीप दबली तरी ती आपोआप वरखाली होईल. वाकलेला अँगल मात्र सरळ केला नाही. त्यामुळे खिळीची भोकं समोरासमोर येईनात, तर खीळच तापवून तेवढी वाकवली. चैत्रात एका दुपारी वैनगंगेकडून काळंभोर आभाळ चढलं. अंगणभर धान पसरलेलं. मी जीप फिरवत गेलो आणि बाया कोपऱ्याकोपऱ्यांतलं ओढत आल्या. पहिला थेंब पडला तेव्हा शेवटच्या ढिगावर ताडपत्री पडली होती. मिस्त्रीण कमरेवर हात ठेवून ताठ उभी होती आणि हसत होती. मिस्त्री तिच्याकडेच बघत होता.

"वा, मिस्त्री! अब रोज जीपच फिरवू," शेठजी म्हणाले. "चार बाया ठेवू, बस हो गया."

मिस्त्रिणीचं हसू तिथेच थांबलं. घरी जाताना ती त्याला एवढंच बोलली, मी मागेच होतो. "माही पाठ वाचवाले गेले, अन् दहा जणींच्या पोटावर पाय देला तुमी."

दुसऱ्या दिवशी खीळ गायब. मिस्त्री अख्खा दिवस शोधत होता. खिसा सोडून सगळीकडे. "सापडूनच नाई राहिली, शेठजी." शेठजींनी बाजारातून लोहार आणला, पण त्याची सरळ खीळ त्या वाकड्या भोकांत जाईना. "अँगल कापून नवा बसवू," लोहार म्हणाला, तर मिस्त्रीने शांतपणे सांगितलं, "काप बाप्पा. पण माह्या हातचं वेल्डिंग हाय, बंपर घेऊन निंगन." पुढे आभाळ भरून आलं की खीळ बरोबर सापडायची आणि ऊन पडलं की हरवायची. शेठजी काही खुळे नव्हते. पण फळी चढवताना तेही दुसरीकडे बघायचे. चौदा बाया चौदाच राहिल्या.

अशी सहा-सात वर्षं गेली. मिस्त्रीला दम लागायला लागला आणि दोघं नवरा-बायको आसगावला त्याच्या घरी गेली. जीपने मीच पोचवलं. उतरल्यावर त्याने खिशातून खीळ काढली आणि माझ्या हातात ठेवली. "आभाळ आलं का लावजो," म्हणाला. मग म्हणाला, "नाईतर शोधजो." मी हसलो. तेच आमचं शेवटचं बोलणं ठरेल, हे मला कसं कळावं?

मिस्त्री गेल्याचा निरोप आला तो सकाळचा. मी चपला घालून बसस्टँडकडे निघालोच होतो आणि वैनगंगेकडे पाहिलं. आभाळ भरलं होतं. अंगणात धान पसरलेलं, बाया एकटक माझ्याकडे बघत होत्या आणि खीळ माझ्या खिशात. मी परत फिरलो. धान वाचलं. बस चुकली आणि मिस्त्रीचं तोंड शेवटचं पाहायचं राहून गेलं. जीप फिरवताना मी रडत होतो, हे सांगायला मला लाज नाही.

तिसऱ्या दिवशी आसगावला गेलो. मिस्त्रिणीला म्हटलं, "वहिनी, आभाळ आलं होतं."

तिने मला बसायला टाकलं, चहा दिला. माझ्या सदऱ्याच्या फाटक्या खिशाकडे तिचं लक्ष गेलं. मग उठून आतून सुई-दोरा आणि गोणपाटाचा तुकडा घेऊन आली.

"काढा तो सदरा, डायवर," ती म्हणाली.