काचेतल्या महालक्ष्म्या

अक्का गेल्याचं मला घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं. मी भेंडी चिरत होते. मोबाईल सारखा वाजायला लागला म्हणून हात पुसून पाहिलं, तर श्रीकांतनं, म्हणजे तिच्या एकुलत्या एका मुलानं, तिचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, ‘आई गेली’. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. पुण्याहून मला एक फोन करणं त्याला गडबडीत सुचलं नसेल, असं आमचे हे म्हणाले. नसेल. ग्रुपवर टाकायचं मात्र सुचलं. अक्का माझी थोरली जाऊ, आणि गेली काही वर्षं ती नवीन जालन्यात आमच्याकडेच राहत होती. खुब्याचं दुखणं दाखवायला म्हणून श्रीकांत तिला गाडीतून पुण्याला घेऊन गेला, तेव्हा खिडकीची काच खाली करून ती मला म्हणाली होती, "मंदा, भादव्याच्या आत मला आणून सोडायला सांग ह्याला. अन् ते तांबे माळ्यावर टाकू नको, वापरात राहू दे." आमचं शेवटचं बोलणं हे एवढंच, तांब्यांविषयीचं.

त्याच संध्याकाळी हवेलीतल्या म्युझियमच्या फेसबुक पानावरही तिचा फोटो आला. काचेच्या कपाटासमोर हात जोडून उभी असलेली अक्का, आणि खाली ओळ, ‘आमच्या कलासंग्रहालयाच्या ज्येष्ठ हितचिंतक हरपल्या’. वाचून आधी मला हसू आलं, आणि मग इतका संताप आला की मोबाईल तांदळाच्या डब्यावर आपटला. हितचिंतक म्हणे… ज्यांनी तिचा देव काचेत कोंडला, त्यांची ती हितचिंतक.

जुन्या जालन्यात आता जिथं चित्रांचं म्युझियम आहे, ती हवेली आमच्या सासरची. अक्का तिथं माझ्या आधी कितीतरी वर्षं सून म्हणून आलेली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचा प्रघात आहे, पण तिनं मला सासुरवास केला नाही असं काही मी लिहिणार नाही. केला की. मी बँकेत नोकरी करायची म्हणून माझ्या हातच्या वरणाला ती ‘सरकारी वरण’ म्हणायची, तेही पाहुण्यांसमोर. पण भादव्यातले तीन दिवस आम्हा दोघींचं एक व्हायचं. आमच्याकडे महालक्ष्म्या उभ्या राहतात. थोरल्या जावेनं ज्येष्ठेचा पितळी मुखवटा सुपात घेऊन, त्यावर खण झाकून उंबरा ओलांडायचा, तिच्यामागून धाकटीनं कनिष्ठेचा. आतून सासूबाई विचारायच्या, "कोण आलं?" आम्ही म्हणायचं, "महालक्ष्म्या आल्या." "कशाच्या पावलानं?" "सोन्याच्या पावलानं." मग ज्येष्ठेच्या डोळ्यांत काजळ थोरलीनं घालायचं, कनिष्ठेच्या धाकटीनं. त्यात अदलाबदल नाही. कपाळावर पिढ्यान् पिढ्यांच्या कुंकवाचा थर बसून खरखरीत झाला होता, तो कधी कोणी घासला नव्हता. आणि घरचा एक कडक नियम होता… विसर्जनानंतर मुखवटे जुन्या लुगड्यात गुंडाळून सागवानी पेटीत ठेवले की पुढच्या भादव्यापर्यंत ती पेटी उघडायची नाही आणि जागची हलवायची नाही. त्या नियमानंच पुढं घात केला.

थोरले दीर गेले आणि हवेली श्रीकांतकडे आली. आमची वाटणी आधीच शेतीत होऊन गेली होती, त्यामुळं आम्हाला कोणी विचारायचं कारण नव्हतं. बियाण्यांच्या धंद्यातल्या एका शेठला चित्रं जमवायचा नाद. त्यांनी ट्रस्ट काढला, आणि श्रीकांतनं हवेली आतल्या सामानासकट ट्रस्टला दिली. पाडून दुकानं काढण्यापेक्षा हे बरं, असं म्हणत गावानं दोघांचंही कौतुक केलं. सामान हलवलं ते ऐन उन्हाळ्यात. अक्कानं स्वतःची भांडी, कपडे, देवघरातले बाकीचे देव, सगळं बांधून घेतलं आणि पेटी तिथंच ठेवली. मी म्हटलं, "अक्का, पेटी?" ती म्हणाली, "मधीच कशी हलवू? भादव्यात येऊन वाजतगाजत नेऊ." शेठ तिथंच उभे होते. हात जोडून म्हणाले, "बिलकुल काकू, तुमचंच घर आहे. कधीही या." शब्द दिला म्हणजे दिला, अशा काळात वाढलेली बाई. तिनं पेटीला नमस्कार केला आणि ती बाहेर पडली.

भादव्यात आम्ही दोघी नवी सुपं, खण, हळदकुंकू घेऊन गेलो. शेठ परगावी. मुंबईहून आणलेल्या, संग्रह सांभाळणाऱ्या एक मॅडम भेटल्या. बोलायला फार गोड. "काकू, ती वस्तू आता संग्रहात नोंदली गेलीय. बाहेर देता येत नाही, विम्याचा प्रश्न येतो." अक्कानं तिथूनच श्रीकांतला फोन लावला. तो म्हणाला, "आई, आता ते त्यांचं आहे गं. मी तुला नवे घेऊन देतो, चांदीचे." तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तिकीट काढ." ज्या दारातून ती माप ओलांडून आत आली होती, त्या दारात रांगेत उभं राहून मी दोन तिकिटं काढली.

आत सगळं चकचकीत. ज्या खोलीत श्रीकांतचा जन्म झाला, तिथं भिंतीएवढं एक निळं चित्र, नुसताच निळा रंग, आणि तो निवांत पाहता यावा म्हणून समोर बाक. सैपाकघरात कॉफी विकत होते. अक्का दारात थबकून म्हणाली, "चूल होती तिथं मशीन फुसफुस करून राह्यली." मला वाटलं हसेल, पण ती हसली नाही. मुखवटे वरच्या मजल्यावर होते, काचेच्या कपाटात, वरून पिवळा दिवा सोडलेला. खाली पाटी, ‘देवीमुखे, पितळ, दख्खन’. कोणाच्या घरचे, ते नाही. आणि घासून घासून लखलखीत केलेले. ना कुंकवाचा थर, ना काजळाची रेघ. अक्का काचेपाशी वाकली, हळूच म्हणाली, "तोंडं धुतली गं यांनी, मंदा. डोळे बी पुसले." तिचा हात काचेकडे गेला तसा पहारेकरी पुढं आला. अंबडकडचा माणूस होता. "मावशी, काचेला हात नका लावू, कॅमेरा लावेल हाय." मग आवाज उतरवून म्हणाला, "आमच्या घरी बी बसत्यात. पण नोकरी हाय."

अक्कानं काचेसमोर फरशीवर चिमूटभर हळदकुंकू वाहिलं. सूप कपाटाखाली धरलं, जणू कोणी वरून त्यात काही ठेवतंय, आणि त्यावर खण झाकला. मला म्हणाली, "घे, तुझी उचल." लोक बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, पण मी सूप पुढं धरलं. दोन रिकामी सुपं छातीशी धरून आम्ही हवेलीचा जिना उतरलो आणि ऑटोत बसलो. ऑटोवाल्यानं विचारलं, "काय हाय सुपात?" अक्का म्हणाली, "महालक्ष्म्या. जल्दी करू नको, खड्डे चुकवून बराबर ने." आणि त्यानं खरंच हळू नेली.

घरी आल्यावर प्रश्न पडला तोंडांचा. बाजारातले मुखवटे तिला नको होते. "दुकानातलं तोंड लावून मी कोणाला हाक मारू?" तिनं पाणी प्यायचे दोन तांबे घेतले, लोखंडी स्टँडवर पालथे घातले, आणि आम्ही काजळानं डोळे, कुंकवानं ओठ काढले. तिची ज्येष्ठा रागीट दिसायची, माझी कनिष्ठा जरा तिरळी. त्यांनाच पुरणाचा, आंबिलीचा नैवेद्य दाखवला. तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं की तांबे धुऊन पुन्हा पाण्याला.

दरवर्षी असंच चाललं. मुखवटे बाहेर काढायला ना, पण आमची वाट पाहायला मात्र म्युझियमनं सुरुवात केली. कॅमेरेवाला आधीच येऊन उभा असायचा. आमचे फोटो काढायला कुठला नियम आडवा येत नव्हता. मी तिला कितीदा म्हटलं, भांड, पेपरात देऊ, चार माणसं घेऊन शेठच्या घरी जाऊ. ती म्हणायची, "भांडून आणेल लक्ष्मी मंग घरात सुखानं बसन का? अन् सही तर माझ्याच पोरानं केली ना." तिचं ते सोसणं मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. सोसलं म्हणून कोणाला तिची दया आली नाही. फोटो तेवढे चांगले आले. ती गेली तेव्हा मुखवटे काचेतच होते, आणि श्रीकांतनं तेराव्याला वाढणारे बोलावले होते ते म्हणे फार नावाजलेले.

मागच्या आठवड्यात त्या मॅडम घरी आल्या. उन्हातून आलेल्या, मी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. भांडं नको म्हणाल्या, मान वर करून तांब्यानंच गटागटा प्यायल्या. मग म्हणाल्या, "काकूंच्या नावानं एक कोपरा करतोय आम्ही. त्याच सांगायच्या, तुम्ही दोघी घरी तांब्यांवर चेहरे रेखायचात ना, ते मिळाले तर मुखवट्यांशेजारी ठेवता येतील. लोककलेचा फार सुंदर नमुना आहे तो." बोलताना रिकामा तांब्या त्यांच्या मांडीवर होता. गळ्याला पोचा आहे तो, ज्येष्ठेचा.

मी म्हटलं, "चेहरे थोरल्या जाऊबाई घेऊन गेल्या."

"पुण्याला?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. मग तिथं कोणाला फोन करायचा, ते त्या विचारत राहिल्या आणि मी श्रीकांतचा नंबर दिला.

त्या गेल्यावर तांब्या पुन्हा भरून ठेवला. भादवा तोंडावर आलाय. यंदा नाही बसवल्या तरी चालेल, असं सगळेच सांगतात. कनिष्ठेचे डोळे मी काढीन, सवयीनं येतील. ज्येष्ठेच्या डोळ्यांना मी कधी हात लावलेला नाही, तो धाकटीचा मानच नाही. आणि रिकामं सूप धरून मी उंबऱ्यात उभी राहिले, तर माझ्यापुढं आता कोणी असणार नाही… काय करायचं, अजून ठरवलेलं नाही. तोवर तिनं सांगितलं तसे दोन्ही तांबे वापरात आहेत.