माझ्या टीव्हीतल्या मुंग्या

बसा, च्या घ्या. पर यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा, मग मी तुम्हाला मानती.

आमची म्हस व्यायला झालती. माझ्या लेकानं, दत्तानं, गोठ्यात क्यामेरा ठोकला. वायरचा एक फाटा बैठकीतल्या टीव्हीला, एक माझ्या खोलीतल्या टीव्हीला. म्हस अडली तर मी हाळी द्यायची.

आता मला हाय शुगर. सुनंनं, सुनंदानं, दम भरलेला, "आत्या, शुगर वाढली तर केडगावला लग्नाला न्यायची न्हाई." लगीन माझ्या लेकीच्या पोरीचं! हळदीत नाचायचं म्हणून मी कवाधरनं गुडघं चोळतीया. पर पेढंबी सुटंनात. पुडा आधीच लपवलेला गव्हाणीत, आन् हा मेला क्यामेरा नेमका तिच्यावरच. माझा उपासच की वो.

एका दुपारी टीव्हीत म्हस गायब. नुस्त्या मुंग्या वळवळत्यात. टीव्हीला चापट मारली, पिन हालवली. गोठ्यात जाऊन क्यामेऱ्याची काच पदरानं लख्ख पुसली. येऊन बघते तर मुंग्या हायेतच. म्हणलं, क्यामेरा मेला. मला दिसंना म्हंजी कुनालाच दिसंना, न्हाई का?

दत्ताला सांगायचं सोडून मी निघाले. बैठकीत केडगावचं व्याही पत्रिका घिऊन आलतं, च्या चालला व्हता.

"कुठं निघाला, आत्या?" सुनंदा म्हणली.

"म्हशीला पेंड घालती."

"तुमच्या टीव्हीत नीट दिसतंय ना?"

"आगदी सिनेमावाणी."

गव्हाणीतनं पुडा काढला. एक पेढा खाल्ला, दुसरा खाल्ला, मग मोजायचं सोडलं. अंगात काय आलं कुनास ठाऊक, पदर खोचला, म्हशीच्या शिंगाला धरून हळदीचा नाच नाचले. सुनंदा नाक मुरडून कशी दम देती, त्येबी म्हशीला करून दावलं. क्यामेऱ्याला तर जीभच काढली.

तोंड पुसून बैठकीत आले, तर समदी माझ्याकडं टकामका बघत्यात. जाताना मी ढुंकूनबी न बघितलेल्या तिथल्या टीव्हीत म्हस, गव्हाण, आन् त्यात उघडा पुडा. सगळं आरशावाणी लख्ख. काच मीच पुसलेली ना.

"किती खाल्लं?" सुनंदा म्हणली.

"म्हशीनं खाल्लं."

"म्हस पदराला हात पुसत न्हाई, आत्या."

व्याही बशी खाली ठिवून म्हणलं, "विहीणबाई, नाच झ्याक हाय. पर तोंडात पेढा धरून नाचू नये, ठसका लागतो."

नंतर दत्तानं वायर बघितली. आमच्या शेळीनं फकस्त माझ्या खोलीचा फाटा कुरतडला व्हता.

म्हस व्याली. क्यामेरा तिथनं काढून माझ्या खाटंसमोर लावलाय. आज समदी केडगावला हळदीत नाचत्यात, आन् आळीपाळीनं मोबाईलवर मला राखत्यात.

झाला च्या? मग उठा, निघा आता. पर जाताना त्या क्यामेऱ्याम्होरं उभं ऱ्हाऊन चपला जरा सावकाश घाला. उशीखालचा पेढा गिळाया मला तेवढंच लागतंय.