डाव्या हाताची चार बोटं

खरं सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आले. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या घरी भांडी पडतात... मी चहा पिता पिता वाचायची आणि म्हणायची, यांची शुगर तपासा आधी. परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं रक्त काढतेय. ज्याची टेस्ट होत नाही ते माझ्या लेखी नसतंच. आमची आई कोकणातली, तिन्हीसांजेला नखं कापू नका म्हणणारी. आणि मी मुद्दाम तेव्हाच नेलकटर घेऊन बसणारी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण आता विचारायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली पाडकामाला गेली, तेव्हापासून आम्ही परळला भाड्याने राहतो. हिंदमातापासून चालत सात-आठ मिनिटं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात आई, मी आणि माझा धाकटा भाऊ सुहास. लग्न आम्ही दोघांनीही केलं नाही, ती वेगळी कथा. सुहास हिंदमाताला साडीच्या दुकानात काउंटरवर होता. आणि गिटार वाजवायचा.

गिटार म्हणजे पार्टीत खसाखसा वाजवतात तशी नाही. हातात ती प्लास्टिकची पिक नाही, नुसती बोटं. उजव्या हाताची नखं वाढवलेली, डाव्याची अगदी मुळापर्यंत कापलेली – साड्या दाखवताना बायका त्या हातांकडे बघत राहायच्या. अंगठा जाड तारांवर मृदंगासारखा ठेका धरायचा आणि बाकीची बोटं वर चाल वाजवायची. शिमग्याच्या खेळ्यांची गाणी, जाखडीच्या चाली, आई भाकऱ्या थापताना जे गुणगुणते ते – सगळं त्या सहा तारांत. शेजारच्यांना वाटायचं आत दोघं बसून वाजवतायत.

मला वाटायचं, किणकिण.

तो दुपारी जेवायला घरी यायचा. दहा मिनिटांत ताट संपवायचा आणि उरलेला अर्धा तास वाजवायचा. मी सकाळी सहापासून उभी, पावणेतीनला घरी. जिन्यात माझ्या चाव्या वाजल्या की वर गिटार बंद व्हायची. असेल तिथे, अर्ध्यात. मी कधी त्याला बंद कर म्हटलं नाही – म्हणजे सुरुवातीला चार-पाचदा म्हटलं असेन, नंतर म्हणायची गरज उरली नाही.

त्या दिवशी मात्र चाव्या वाजल्यावरही तो थांबला नव्हता. मी आत आले तर म्हणाला, "तायडे, ऐक ना. दोनच मिनिटं. पूर्ण झालंय आज."

मी म्हटलं, "नंतर रे."

तो हसला, गिटार खिळ्याला अडकवली आणि दुकानात गेला. पाच वाजता साडी उलगडून दाखवताना त्या साडीवरच कोसळला. मेंदूत रक्तस्राव.

दीड महिना हॉस्पिटल. मग घरी. डोळे उघडतो, पण बघत नाही. नळीने जेवण. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, शरीर चालू आहे, आत जाणीव असल्याची काही खूण नाही. मी स्वतः रिपोर्ट वाचणारी बाई, मला काय ते कळलं. दिवसा सांभाळायला शोभामावशी येतात. बोटांच्या मुठी वळू नयेत म्हणून तळहातात नॅपकिनची गुंडाळी ठेवायची, अशी सगळी शिस्त बसली.

सुहासला शुगर आहे, म्हणून मी रोज दुपारी बोटाला सुई टोचून तपासते. उजव्या हाताची बोटं टोचून टोचून दुखावली, तेव्हा पाचव्या महिन्यात डावा हात घेतला. सुई टोचली, रक्त नाही. पुन्हा टोचली, नाही. आयुष्यात हजारो बोटं हातात घेतली आहेत हो, बोट बघून माणूस काय काम करतो ते सांगते मी. त्या बोटाच्या टोकाला घट्टा होता. चारही बोटांना. टणक, चकचकीत, रोजच्या कामातले घट्टे. आणि त्यावर ताज्या रेघा – तार दाबून ठेवल्यावर उठते तशी खाच. अंगठ्याने चोळली तर जाईना. संध्याकाळी सातला बुजली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मी घाबरले वगैरे नाही, चिडले. पहिला संशय नॅपकिनच्या शिवणीवर. तो काढला. रेघा आल्याच. मग शोभामावशींना धारेवर धरलं.

"ताई, मी कशाला त्याचा हात गिटारला लावू? माझा हात पोचतो का तिथं? शपथ घेते बघा पोरांची!"

त्यांचं खरं होतं. गिटार पलंगापासून पाच फुटांवर, उंच खिळ्याला. तारांवर धूळ होती, आणि धुळीवर कुणाचं बोट फिरलेलं नव्हतं. एकदा तळवा वर करून मोबाईल लावून ठेवला. दोन तासांचं रेकॉर्डिंग, हात जागचा हलला नाही आणि त्या दिवशी रेघाही आल्या नाहीत. मोबाईल काढला, दुसऱ्या दिवशी आल्या. डॉक्टरांना फोटो दाखवले. ते म्हणाले, पलंगाची कड लागत असेल, आणि तुम्ही जरा झोप घ्या.

शेवटी मी गिरगावला आग्नेलकडे गेले. आग्नेल म्हणजे सुहासचा गुरू म्हणा, मित्र म्हणा. पासष्टीचा माणूस, एका वाडीत एकटा राहतो. फोटो त्याने डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"कधीचा हा?"

"कालचा."

"सुमन, मस्करी नको करू. पाच महिने झाले ना? महिनाभर नाय वाजवलं तर याचा पापुद्रा निघतो. दोन महिन्यांत बाळाची बोटं होतात. हा माणूस रोज वाजवतोय."

मग त्याने मला ते वाचायला शिकवलं. जाड तारेवर वरून बारीक तार गुंडाळलेली असते, तिची खूण खरखरीत उठते. पातळ तारेची नुसती सरळ रेघ. कुठल्या बोटावर कसली रेघ, तिरकी की आडवी, यावरून शेवटी हात कुठे होता ते कळतं. "आधी काय वाजवलं ते नाय कळणार," तो म्हणाला. "फक्त हात उचलला तेव्हाचा कॉर्ड, म्हणजे तेव्हा एकत्र दाबलेल्या तारा."

तेव्हापासून मी रोज फोटो पाठवायची आणि आग्नेल तो कॉर्ड वाजवून व्हॉइस नोट पाठवायचा. रोज वेगळा. माझ्या फोनमध्ये असे बावीस कॉर्ड आहेत. मी ते लॅबमध्ये कानाला लावून ऐकायची. ज्या बाईने आयुष्यभर किणकिण म्हटलं, ती एकेक तार वेगळी ऐकायला शिकली... मग सुहासचं जुनं रेकॉर्डिंग आग्नेलने दिलं, त्यात ऐकू आलं की अंगठा एकदाही चुकत नाही. वर बोटं कितीही धावोत, तो खाली आपला चालत असतो, घरातल्या मोठ्या माणसासारखा. इतकं सुंदर माझ्या घरात रोज चाललं होतं आणि मी तेव्हा डोक्याला बाम चोळत होते.

तेविसाव्या दिवशी आग्नेलने नोट पाठवली नाही, फोन केला.

"एक विचारू? हे सगळे कॉर्ड शेवटाचे नाहीत. यावर कोणी गाणं संपवत नाय. माणूस मध्येच हात उचलतो ना, कोणी आलं की, तसं आहे. तू फोटो किती वाजता काढते?"

"घरी आले की. पावणेतीनला."

  जिन्यात नुकत्याच वाजलेल्या चाव्या माझ्या हातातच होत्या.

दुसऱ्या दिवशी मी चपला जिन्याखाली काढून हातात घेतल्या, चाव्या रुमालात बांधल्या आणि अनवाणी वर गेले. दाराला कान लावून उभी राहिले. पंखा. शोभामावशींच्या मोबाईलवरची मालिका. बाकी काही नाही. तरी मी दारातून हळूच म्हटलं, "सुहास, थांबू नको. मी ऐकतेय." आत गेले तर रेघा तशाच, मध्येच हात उचललेल्या; त्या दिवशी फोटो पाठवला नाही.

मग दुसऱ्या दिवशी मी वेळेवर घरी गेलेच नाही. साडेपाचपर्यंत हिंदमाताच्या दुकानांतून उगाच फिरत राहिले, गरज नसताना दोन ब्लाउजपीस घेतले. घरी आले तेव्हा रेघा इतक्या खोल होत्या की टोकं लाल झाली होती. फोटो पाठवला. दहा मिनिटांनी व्हॉइस नोट आली. कॉर्ड वाजला, बराच वेळ घुमत राहिला, आणि मग आग्नेलचा आवाज: "आज पूर्ण केलं त्याने."

तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असेल. मला राग आला. खोटं कशाला बोलू... हेवा वाटला. म्हणजे तो कुठेतरी आहे, मजेत आहे, वाजवतोय, आणि मी नसले तरच पूर्ण करतोय. इथे आम्ही दोघी त्याची कूस बदलतोय, नळी धुतोय, आणि त्याला इकडे यायची काही घाई नाही.

आईला मी तोवर सांगितलं नव्हतं, पण तिला कधीचं ठाऊक होतं. आयांना असतंच.

"जीव त्याचो त्या गिटारीत अडाकलो हा गो," ती म्हणाली. "थंय वाजवूक गावता, मगे हंय कशाक येतलो? तारो सोड तिच्यो. मी गाऱ्हाणा घालतंय."

एरवी मी तिला उडवून लावलं असतं. पण माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. तिकडचं बंद केलं तर इकडे येईल. अठ्ठावीस वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई, आणि हे माझं लॉजिक! रविवारी सकाळी आईने देवापुढे नारळ ठेवला. गावी करतात तसं, पदर पसरून, "बा देवा म्हाराजा, माझ्या लेकराक वाट दाखय" म्हणाली, आणि मी स्टुलावर चढून गिटार उतरवली. सहा खुंट्या एकेक करून सैल केल्या. शेवटची तार सोडताना तिने एक आवाज केला, खाली खाली जाणारा. आई म्हणाली, झाला. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. दुपार झाली. संध्याकाळ झाली.

त्या दिवशी रेघा आल्या नाहीत. सोमवारी नाहीत. मंगळवारी मी आग्नेलला रडत फोन केला.

तो दादरला उतरून टॅक्सीने आला, नव्या तारा घेऊन. तीन मजले चढून धापा टाकत होता, पण पाणीसुद्धा न घेता तारा चढवल्या, सुरात लावल्या, गिटार पुन्हा खिळ्याला अडकवली. जाताना त्याने सुहासच्या कपाळावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "तू वाईट विचार करून नाय केलंस." मी मान हलवली. अजून ते वाक्य माझ्या उपयोगी पडलेलं नाही.

रेघा परत आल्या नाहीत. बारा-पंधरा दिवसांनी पहिल्या बोटाचा पापुद्रा सुटला. मग बाकीच्यांचे. मी ते एका डबीत ठेवलेत, का ते विचारू नका. आता त्या बोटांना सुई लागली की लगेच टपोरा थेंब येतो. मऊ, गुलाबी, बाळाची बोटं.

तो आहे तसाच आहे. डोळे उघडे, बघत नाही. आई म्हणते देवाच्या मनात असेल तेव्हा येईल. मला वाटतं तो वाटेत कुठेतरी बसलाय, हातात काही नसलेला. इकडे आला नाही आणि तिकडचंही मी काढून घेतलं.

तुम्ही म्हणाल घट्टे उशिरा गेले, एवढंच. असेल. रेघा चादरीच्या असतील. तेही असेल. मी स्वतःला रोज हेच सांगते आणि मग बावीस अर्धे कॉर्ड आणि एक पुरा ऐकते. कुणाकडे काही उत्तर असेल तर लिहा, मी या वेळी हसणार नाही.

हल्ली दुपारी घरी आले की मी गिटार खाली काढते. ती त्याच्या पोटावर आडवी ठेवते, त्याचं बोट तारेवर टेकवते, वरून माझं बोट ठेवून दाबते आणि दुसऱ्या हाताने तार छेडते. एकच सूर येतो. सोडलं की बोटावर रेघ दिसते, बारीक, सरळ. ती दहा मिनिटांत जाते. त्याची संध्याकाळी सातपर्यंत टिकायची.