पाठीवरचं बकल

लान्सनायक सिद्धार्थ भगत ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पाण्याखाली गेला. जागा महागाव तालुक्यातलं कपाशीचं शेत. पाणी छातीभर होतं. त्याला पोहता येत होतं. अंगात लाइफ जॅकेट होतं.

जॅकेटवर कॅमेऱ्याचा पट्टा होता. तो मी शिवून घेतला होता.

आमचं युनिट तेव्हा नागपूरजवळ होतं. पूर आला, जिल्हा प्रशासनाने मदत मागितली आणि रविवारी पहाटे साडेचारला आमचा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, निघाला. मी हवालदार, मूळचा पांढरकवड्याचा. भगत फुलसावंगीचा. लोकांशी त्यांच्या बोलीत बोलता यावं म्हणून आम्हा दोघांना एकाच नावेवर दिलं होतं. इंजिनवर शिपाई बलविंदर.

प्रत्येक घराचा फोटो घ्यायचा आदेश होता. फोटो नाही तर नोंद नाही. कॅमेरा भगतकडे दिला.

पहिल्या दिवशी त्याने तो गळ्यात अडकवला. माणूस नावेत ओढून घ्यायला वाकलं की कॅमेरा झुलायचा. एका म्हाताऱ्या बाईच्या कपाळाला लागला. दुपारनंतर त्याने तो एका खांद्यावर तिरपा घेतला. तेव्हा दोर ओढताना तो कोपराखाली यायचा. संध्याकाळी त्याची मान आखडली होती.

मुक्काम शाळेत होता. जुन्या रकसॅकचे पट्टे काढून मी कॉलमच्या मोच्याकडून दोन्ही खांद्यांवर बसणारा पट्टा शिवून घेतला. कॅमेरा छातीवर, वजन पाठीवर. बकल पुढे होतं. सोमवारी नावेच्या काठावर वाकताना ते भगतच्या बरगडीत रुतलं. त्याने शर्ट वर करून वळ दाखवला.

मी बकल मागे घ्यायला सांगितलं. मोच्याने वीस मिनिटांत ते दोन खांद्यांच्या मधोमध बसवलं.

"उस्ताद, हे तं लहान पोरीच्या झग्यासारखं झालं," भगत म्हणाला. "मागून कोनीतरी लावून द्या लागते."

"मी लावून देतो. रुतते का आता?"

"नाही. एकदम झकास. आता लग्नातबी हेच घालतो."

नावेच्या ड्रिलमध्ये एक नियम आहे. पाण्यात उतरणाऱ्याच्या अंगावरची प्रत्येक पट्टी त्याला स्वतःला एका हाताने सोडता आली पाहिजे. हा नियम मी सहा वर्षं रिक्रूटांना शिकवला. कॅमेऱ्याचा पट्टा मला त्या नियमातलं सामान वाटला नाही. ती सोय वाटली.

मंगळवारी दहा चाळीसला आम्ही शेतातल्या एका घराशी पोहोचलो. पत्र्यावर तीन माणसं होती: नवरा, बायको आणि त्याचा भाऊ. दोन दिवस गावातले लोक त्यांना निघा म्हणत होते. ते निघाले नव्हते. भाव पडलेले होते म्हणून मागच्या हंगामाचा कापूस विकला नव्हता, तो आतल्या खोलीत भरलेला होता.

"आधी कापसाचा फोटो काढा," नवरा म्हणाला. "मंग आमाले उतरवा."

"दादा, कापूस नाही पळून राह्यला. तुमी उतरा," भगत म्हणाला.

"उद्या कोन मानन का घरात होता म्हणून?"

भगतने खिडकीतून चार फोटो घेतले. नऊ मिनिटं गेली. मग तिघं नावेत आले. भावाच्या कमरेला विळा खोचलेला होता, तो तसाच राहिला.

परतताना बलविंदरने जवळची वाट म्हणून नाव शेतावरून घेतली. रानडुकरांसाठी घातलेलं काटेरी तारेचं कुंपण पाण्याखाली होतं. अकरा चौदाला इंजिनच्या पाण्यातल्या पंख्यात तार अडकली आणि इंजिन बंद पडलं.

"मी उतरतो," भगत म्हणाला. त्याने कॅमेरा काढून माझ्याकडे दिला.

"थांब. पट्टा काढून देतो."

"राहू द्या उस्ताद. एका मिनिटाचं काम हाय."

मी राहू दिलं.

त्याने पाण्यात उतरून तार सोडवली. सुटलेली नाव प्रवाहाने फिरली आणि तिच्या धक्क्याने कुंपणाचा खांब आडवा झाला. भगतच्या पट्ट्याची कडी त्या खांबाच्या तारेत अडकली होती. खांबाबरोबर तो खाली गेला. एकदा वर आला. दोन्ही हात खांद्यांवरून मागे गेलेले मी पाहिले. नाव तोपर्यंत तीस मीटर खाली वाहत गेली होती.

मी वायरलेस सेटवर कंट्रोलला कळवलं. "टायगर, फॉर टायगर टू. एक जवान पानी के नीचे. ओव्हर."

"टायगर टू, लोकेशन दो. ओव्हर."

मी लोकेशन दिलं. इंजिन चौथ्या झटक्याला सुरू झालं. अकरा सव्वीसला मी पाण्यात उडी मारली. बकल हाताला लागलं. ताणामुळे ते उघडलं नाही. त्या भावाने विळा दिला. अकरा एकोणतीसला पट्टा कापला. भगतला नावेत घेतल्यापासून महागावच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत आम्ही त्याची छाती दाबत होतो. बारा पंचवीसला डॉक्टरांनी तो मृत असल्याचं सांगितलं. वय सत्तावीस.

चौकशीत मी जबाब दिला: बकल मागे घेण्याचा निर्णय माझा होता. अहवालात लिहिलं गेलं की जवानाने सोयीसाठी अनधिकृत पट्टा वापरला. मी दुरुस्तीचा अर्ज केला. अहवाल बंद झाल्याचं उत्तर आलं.

त्याच्या घरी अहवालाची प्रत गेली होती. दिवाळीनंतर मी फुलसावंगीला गेलो. त्याच्या आईने तो कागद माझ्यापुढे ठेवला.

"भाऊ, यात लिवलं का चूक सिद्धार्थचीच होती. खरं हाय का हे?"

"नाही, माय. पट्टा मी शिवून घेतला. बकल मीच मागं लावलं. त्याचा हात पुरत नव्हता."

"मंग असं काहून लिवलं?"

मी कागद उलटा केला. त्यांनी पेन आणलं. मी त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून दिलं, खाली नाव, नंबर, रँक घातली आणि सही केली. त्यांनी शेजारच्या शिक्षिकेला बोलावून ते दोनदा वाचून घेतलं.

लान्सनायक भगतच्या नावाच्या फाइलमध्ये तो कागद नाही. तो त्याच्या आईजवळ आहे.