धावपट्टीवरच्या कुरडया

गोरखपूर मोहल्ल्यातल्या विनताबाई मनाच्या वाईट नव्हत्या. फक्त धाकट्या जावेचं, वसुधाचं, काही चांगलं झालं की त्यांच्या पोटात दुखायचं. नवरे सख्खे भाऊ. लढाईच्या दिवसांत थोरले रत्नाकर तोफांच्या कारखान्यात पाळ्या करून बहिरे व्हायला आले, आणि धाकट्या मुरलीधरला पाटनच्या रस्त्यावरच्या नव्या विमानतळावर नोकरी लागली. झालं! वसुधाच्या तोंडी सारखी विमानं. गोऱ्यांनी खुशीनं दिलेल्या दुधाच्या डब्यांतला एक ती जावेला हटकून आणून द्यायची. विनताबाई त्याचा चहा प्यायच्या आणि जळायच्या.

लढाई सरली, विमानं गेली. विनताबाईंना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण कसचं काय! मुरलीधरला ओसाड तळाचा चौकीदार करून ठेवलं, आणि मैलभर धावपट्टी एकट्या वसुधाच्या वाळवणाला मोकळी झाली. तिच्या कुरडया एका उन्हात खडखडीत वाळत. विनताबाईंच्या मात्र अंगणाच्या सावलीत तीन तीन दिवस लोळत.

त्या उन्हाळ्यात विनताबाईंच्या एकुलत्या एका लेकीचं, इंदूचं लग्न घाईनं ठरलं. वरपक्ष नागपूरचा, रुखवतातलं तळून चाखून बघणारा. शेवटी विनताबाई नाक मुठीत धरून गव्हाचा चीक घेऊन तळावर गेल्या. वसुधानं मधली जागा झाडून दिली आणि बजावलं, "त्या टोकाला मांडू नका, जाऊबाई. तिथं विमानं उभी राहायची."

चांगली तापलेली जागा स्वतःसाठी राखून राहिली आहे ही, विनताबाईंना वाटलं. वसुधा पाणी आणायला वळताच त्यांनी धोतरं नेमकी टोकाला अंथरली.

कुरडया वाळल्या छान. घरी एक तळली, तर घरभर विमानाच्या तेलाचा वास! जमिनीत मुरलेलं तेल उन्हानं धोतरांत चढलं होतं. लग्न चार दिवसांवर, आणि नुसते गहू भिजायलाच तीन दिवस.

रत्नाकरांनीच वसुधाच्या कानावर घातलं. तिनं आपल्या कुरडयांचा डबा आणून ठेवला.

मांडवात विहीणबाईंनी कुरडई चाखली आणि ही कोणाच्या हातची म्हणून विचारलं. वसुधाच पुढे झाली.

"आमच्या जाऊबाईंच्या हातची. त्यांच्यासारखी कोणालाच जमत नाही जी."

विनताबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. लेक चालली म्हणून रडतात, असं समजून विहीणबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. लेकीचं जाणं त्यांनी कसंही सोसलं असतं. चांगुलपणातही ही बया आपल्या पुढे गेली, हे काही त्यांना सोसवेना.